बारा दिवसांचं मीठ

साडेचार वर्षं ते आमच्या वाडीत राहिले, आणि एवढ्या काळात त्यांनी माझ्या एकाही प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. 'चहा घेणार का?' असं विचारलं तरी ते आधी विचारायचे, "पाणी कुठल्या विहिरीचं?" मागच्या विहिरीचं आहे असं कळलं की म्हणायचे, "मग अर्धा कप. बघू."

नरपडला आमची चिकूची वाडी आहे. घराच्या मागे, विहिरीपलीकडे, दिरांसाठी बांधलेलं दोन खोल्यांचं घर होतं. दीर वसईला स्थायिक झाले आणि ते घर रिकामं पडलं. २०१४ची दिवाळी झाल्यावर हे गृहस्थ तिथे भाड्याने राहायला आले. गुजरातेत एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली, वेळेआधी निवृत्ती घेतलेली, लग्न केलेलं नाही, एवढीच माहिती माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, काढली.

"इथेच का आलात?" बाबांनी विचारलं.

"एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या टापूत इथे पाच चवींचं पाणी मिळतं," ते म्हणाले.

बाबांना ते उत्तर कळलं नाही, पण माणूस निरुपद्रवी वाटला. टेम्पोतून सामान उतरलं तेव्हा कपड्यांची बॅग एकच निघाली. बाकी अकरा खोकी, आणि त्यांत काचेच्या नळ्या.

पाच चवींचं खरं होतं. धाकटी डहाणूच्या खाडीचं भरतीचं पाणी एक आणि ओहोटीचं दुसरं. किनाऱ्याला लागून असलेल्या विहिरींचं मचूळ. आमच्यासारख्या जरा आतल्या विहिरींचं गोड, पण मे महिन्यात त्याचा भरवसा नाही. आणि तलासरी ओलांडून उधव्याकडे गेलं की तिथल्या ओढ्याचं अगदी गोड. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत बाटल्या, पायात चपला आणि चपलांच्या आत मोजे, अशा वेशात ते या सगळ्या ठिकाणी फिरायचे. पाणी आधी जिभेवर घ्यायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे, मग खिशातला मीटर बुडवायचे आणि वहीत दोन्ही निकाल लिहायचे. 'जीभ: ठीक. मीटर: ठीक नाही.' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे.

धाकटी डहाणूला बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना ते चांगले ठाऊक झाले होते. एकदा मी बरोबर होते. त्यांतली एक त्यांना म्हणाली, "काका, सगळी लोकं हिथून मासली नेतात. तू पानीच कशाला नेतो?"

"मासळी सगळ्यांनाच कळते," ते म्हणाले. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं.

मी डहाणूला कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे आपलं बोलणं मला कळतं अशी त्यांची समजूत होती. ते मला 'बाई' म्हणायचे, मी त्यांना 'सर' म्हणायची. त्यांच्या खोलीत भिंतीला लावून लाकडी चौकटीत नळ्या उभ्या असत. नळीत वाळू ठासलेली. वाळूत आधी खारं पाणी भरायचं, मग काळं तेल. हे तेल त्यांनी नोकरी सोडताना रीतसर चिठ्ठी घेऊन सोबत आणलं होतं, पाच लिटरचा एक कॅन. नळी महिनाभर तशीच ठेवायची आणि मग खालून पाणी ढकलत बसायचं.

"जमिनीखाली तेल तळ्यासारखं साठलेलं नसतं, बाई," त्यांनी पहिल्या महिन्यातच मला सांगितलं. "दगडाच्या बारीक भोकांत अडकलेलं असतं. विहीर खणली की थोडं आपोआप वर येतं. मग शेजारच्या विहिरीतून पाणी ढकलतात, ते आणखी थोडं पुढे लोटतं. मग नुसतं पाणीच यायला लागतं, आणि कितीतरी तेल खालीच राहतं. आता हेच पाणी खारं न घेता कमी मिठाचं घेतलं, तर कधी कधी दगड जास्त तेल सोडतो."

"का?"

"दगडाला चिकटलेली माती असते, तिच्यामुळे असेल. तेल त्या मातीला धरून असतं. पाण्यातलं मीठ कमी झालं की मातीची तेलावरची पकड सुटते, असं काही जण म्हणतात. काही जण दुसरंच म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी वाळू बदलून बघतोय."

नरपडच्या किनाऱ्याची स्वच्छ वाळू भरली की गोड्या पाण्याने काहीच फरक पडत नसे. मग त्यांनी माती शोधायला सुरुवात केली. आमच्या वाडीत चिकू उतरवायला लाडकी नावाची एक बाई यायची, उधव्याजवळच्या पाड्यावरची. आठवडाभर वाडीत राहायची आणि शनिवारी तलासरीवरून घरी जायची. तिला त्यांनी ओढ्याकाठची माती आणायला सांगितली. तिने सोमवारी पाटीभर माती आणून त्यांच्या दारात ओतली.

"हे मातीचा काय करशील?" तिने विचारलं. "सारवायला चांगली नाय. पानी लागला का फुगते. पाय घातला तं चप्पल आत राहते."

"फुगते? नक्की?" ते एकदम उभे राहिले.

"तुला चप्पल देते, जाऊन बघ."

ते खरंच दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर जाऊन चिखलात पाय घालून आले.

पॉलिमरचं प्रकरण वेगळं होतं. साधं पाणी पातळ असतं, ते वाळूतून वाट काढून पळून जातं आणि तेल मागे राहतं. म्हणून पाण्यात एक पांढरी पावडर मिसळून ते दाट करतात, म्हणजे ते तेलाला सगळीकडून सारखं रेटतं. "ही पावडर म्हणजे शेवया समजा, डोळ्यांना न दिसणाऱ्या," ते म्हणायचे. "गोड्या पाण्यात लांब पसरतात, पाणी घट्ट होतं. मीठ दिसलं की अंग आखडून घेतात, पाणी पुन्हा पातळ. म्हणून गोडं पाणी आणि पॉलिमर एकमेकांना बरे." हे मला कळलं, कारण शेवया मला माहीत होत्या.

हे दाट पाणी ते बादलीत करायचे. एकदा त्यांच्या पायरीवर ते सांडलं. बाबा त्यांच्याशी भांडायलाच निघाले होते, कारण खोकी विहिरीच्या वाटेत पडली होती. त्यांचा पहिल्या पायरीवर पाय पडला आणि ते बसल्या बसल्या घसरत थेट विहिरीच्या कट्ट्यापर्यंत गेले. लागलं काही नाही. सर धावत बाहेर आले, बाबांना हात देऊन उठवलं आणि अतिशय आदराने विचारलं, "कोणत्या पायरीपासून?" मग टेप आणून त्यांनी अंतर मोजलं. बाबा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मला हसावं की रागवावं ते ठरवता आलं नाही, आणि त्यांच्या बाबतीत माझं बहुतेक वेळा असंच होत असे.

त्यांच्यामुळे एकदा सगळं गाव आमच्या अंगावर आलं. २०१७च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. खारं पाणी कुठल्या बाजूने येतंय ते बघा, असं बाबांनीच त्यांना सांगितलं. त्यांनी हाताने फिरवायचं एक मोठं गिरमिट आणून वाडीत सहा-सात ठिकाणी भोकं पाडली आणि भोकांत पाइप उभे केले. त्याच दिवसांत पंपाची मोटर दुरुस्त करायला एक माणूस आला होता. त्याने वाडीतले पाइप पाहिले आणि पाणी प्यायला सरांच्या दारात गेला. खिडकीत काळ्या तेलाने भरलेल्या नळ्या रांगेत उभ्या होत्या.

"हे काय हो?" त्याने विचारलं.

"कच्चं तेल," सर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत नरपडला तेल लागलं होतं.

आधी लोक गंमत म्हणून येऊन बघून गेले. 'पाणीवाले काका' म्हणून ज्यांना सगळे ओळखत होते ते आठवड्याभरात 'तेलवाले' झाले. मग अनोळखी गाड्या दिसायला लागल्या. उतरणारी माणसं गावातून फिरत वाड्या कोणाच्या, वारस किती, असं विचारू लागली. एका गुजराती पेपरात चार ओळींची बातमी आली: डहाणूजवळच्या गावात तेल असल्याची चर्चा, निवृत्त अधिकाऱ्याचे गुपचूप प्रयोग. आता लोकांची गंमत संपली. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटलं की आपली घरं उठणार. वाडीवाल्यांना वाटलं की जमीन सरकार घेणार. आणि सगळ्यांनाच वाटलं की आमच्या घराला हे आधीपासून माहीत होतं. लग्नाच्या पंगतीत बाबांच्या शेजारचं पान रिकामं राहिलं. बाबांनी घरी येऊन सांगितलं नाही, मला दुसऱ्यांकडून कळलं.

ग्रामपंचायतीने सरांना बोलावलं. मी बरोबर गेले. हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. सरपंच बाई समजूतदार होत्या. त्यांनी सरांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "काका, जास्त काही नको. एकच सांगा, आमच्या जमिनीखाली तेल आहे की नाही?"

"मी खाली पाहिलेलं नाही," सर म्हणाले.

"तुमचा अंदाज काय?"

"शक्यता फारच कमी आहे. खाली काळा दगड आहे, बराच जाड."

"कमी म्हणजे आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"तसं मी म्हटलेलं नाही."

"मग नाही म्हणा."

मी सरांकडे बघून मान हलवत होते, म्हणा, नाही म्हणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "न बघता नाही कसं म्हणू?" ते म्हणाले.

"तुम्ही कंपनीचे माणूस आहात का?" मच्छीमार सोसायटीच्या एका माणसाने विचारलं.

"होतो."

"आता?"

"आता नाही. पण विचार अजून त्याच कामाचा करतो."

यानंतर काय काय बोललं गेलं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की आम्ही बाहेर पडलो तेव्हा लोकांनी वाट दिली, आणि ती आदराने दिलेली नव्हती. घरी आल्यावर बाबांनी सरांना या महिन्याअखेर घर सोडायला सांगितलं. सर म्हणाले, "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्या आल्या मी त्यांच्या खोलीवर गेले. मला राग आवरत नव्हता. "सर, एक नाही म्हणायला तुमचं काय जात होतं? सगळ्या गावाला घोर लावलात. आम्हाला इथे राहायचंय."

ते खोकी भरत होते. हातातली नळी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली, पुन्हा उघडली, पुन्हा गुंडाळली. मग खाली बसले आणि मला म्हणाले, "बसा, बाई. मी एकदा नक्की बोललो होतो."

नोकरीत असताना गुजरातेतल्या एका तेलक्षेत्रावर कमी मिठाचं पाणी सोडून बघायचं ठरलं होतं. प्रयोगशाळेतल्या नळ्या यांच्या, अहवाल यांचा. वरच्या साहेबांनी विचारलं, चालेल की नाही ते एका शब्दात लिहा. यांनी लिहिलं, 'चालेल.' पाणी सोडलं आणि विहीर तुंबली. दगडातली माती फुगून सुटली आणि तिने सगळी भोकं बुजवली. चांगली चालती विहीर बंद पडली.

"तिथला क्षेत्रप्रमुख फार भला माणूस," ते म्हणाले. "चौकशीत त्याने सगळा दोष स्वतःवर घेतला. माझ्या अहवालाबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्याला दूर कुठेतरी टाकलं, बढती गेली. मी समोर बसलो होतो. मी तोंड उघडलं नाही. नंतर त्याला पत्र लिहिलं, माफी मागितली. उत्तर आलं नाही. येणार तरी कसं?"

"आणि या नळ्या?"

"माझं नेमकं कुठे चुकलं ते शोधतोय. अडीच वर्षं झाली इथे येऊन. त्याआधीची वेगळी. प्रयोगशाळेत तेव्हा चाललं होतं. इथेही कधी चालतं, कधी नाही. का ते हाती लागत नाही."

मी भांडायला गेले होते आणि त्यांची खोकी भरून द्यायला मदत करून परत आले. बाबांना यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात सकाळी फाटकात एक रिक्षा थांबली. पांढरा शर्ट घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ उतरले. हातात पापडीचा पुडा आणि वर्तमानपत्राची घडी. "बेन, साहेब अहीं ज रहे छे ने?" त्यांनी विचारलं. साहेब इथेच राहतात ना, असं ते विचारत होते; मी मागचं घर दाखवलं. पेपरातली ती चार ओळींची बातमी त्यांनी वापीत वाचली होती. नाव नव्हतं, पण निवृत्त अधिकारी आणि प्रयोग एवढ्यावरून त्यांनी ओळखलं.

मी चहा घेऊन गेले तेव्हा सर दारातच उभे होते. त्यांनी हात जोडले होते आणि ते काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. पाहुण्यांनी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"साहेब, आधी माझं ऐका," ते म्हणाले. त्यांचं मराठी गुजराती वळणाचं होतं, पण स्वच्छ होतं. "बेन, तुम्ही पण बसा. एकट्याला सांगायला मला जड जाईल."

मी चहाचा ट्रे मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

"तुमच्या अहवालात 'चालेल'च्या खाली दुसरी ओळ होती. पाण्यातलं मीठ बारा दिवसांत उतरवावं, रोज थोडं थोडं. आठवतं ना?"

"आठवतं. तुम्ही तसंच उतरवलंत. नोंदी मी वाचल्या होत्या."

"नोंदी मी लिहिल्या होत्या. एका बैठकीत, मनानेच, बाराच्या बारा. पाणी मिसळायचा पंप बंद पडला होता. वरून फोनावर फोन येत होते, सुरू झालं का, सुरू झालं का. मी सरळ गोडं पाणी सोडलं. सोळा तासांत खाऱ्याचं गोडं. दोन दिवसांत विहीर तुंबली."

पाहुण्यांनी पापडीचा पुडा पायरीवर ठेवला.

"चौकशीत मी माझीच चूक कबूल केली, साहेब. तुमची नाही घेतली अंगावर. फक्त बारा दिवसांचं खोटं उघड केलं नाही, नाहीतर नोकरीच गेली असती. मग तुमचं पत्र आलं. तुम्ही माझी माफी मागत होता. ते पत्र अजून आहे माझ्याकडे. दर दिवाळीला काढतो, उत्तर लिहायला बसतो. काय लिहू?"

मला वाटलं आता सर ओरडतील, किंवा रडतील, किंवा त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलेलं दिसेल. यातलं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, "सोळा तास नक्की? की अंदाजे?"

"नक्की."

"म्हणजे माझं म्हणणं चुकलं होतं की बरोबर होतं, हे कोणी पाहिलंच नाही," सर हळूहळू म्हणाले. "ते करूनच बघितलं नाही." मग ते आत गेले. पाहुणे आणि मी बाहेर बसलो. चहा निवला. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "ऊन चढतंय. त्यांना आत बसायला सांगा, बाई." त्यांना, म्हणजे समोरच्या माणसाला, ते स्वतः सांगत नव्हते.

त्या दिवसापासून त्यांनी पाहुण्यांशी बोलणं बंद केलं. पण जा असंही म्हणाले नाहीत, आणि पाहुणेही गेले नाहीत. भरलेली खोकी सरांनी पुन्हा उघडली. चौकटीत कित्येक आठवडे तेल मुरत ठेवलेल्या, उधव्याची माती मिसळलेल्या दोन नळ्या होत्या. त्या तेवढ्या त्यांनी समोर मांडल्या. माझ्या स्वयंपाकघरातून मीठ नेलं, लाडकीने आणलेलं ओढ्याचं पाणी काढलं. डाव्या नळीत एकदम गोडं पाणी. उजव्या नळीत मीठ बारा टप्प्यांनी उतरवायचं, बारा दिवसांऐवजी काही तासांना एक टप्पा. पाहुणे न सांगता पंपाशी जाऊन बसले. पंपाचा आवाज ऐकून त्याला काय झालंय ते त्यांना कळायचं, सरांना कळत नसे. दोघं म्हातारे एका खोलीत दिवसभर खांद्याला खांदा लावून काम करत आणि एक शब्द बोलत नसत. जेवायला मी ताटं नेली की सर मला म्हणायचे, "त्यांना भात लागतो." मला अवघडून जायला होई.

डावी नळी दुसऱ्या दिवशी तुंबली. थेंबही पुढे सरकेना. पाहुण्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि चष्मा काढून बाजूला ठेवला.

तिसऱ्या दिवशी गावातले दहा-बारा जण वाडीत आले. आणखी एक तेलवाला आला, ही बातमी रिक्षावाल्याने पोचवली होती. सरपंच बाई होत्या, सोसायटीचा तो माणूसही होता. बाबा ओटीवर उभे राहिले. पाहुणे पंपाजवळून उठले, हात पुसत बाहेर आले आणि काय झालंय ते त्यांनी विचारून घेतलं.

"मी तीस-बत्तीस वर्षं जमिनीतून तेल काढलंय," ते सगळ्यांना म्हणाले. "इथे तेल नाही. तुमची वाडी कोणी घेत नाही, घर कोणी उठवत नाही. आतमध्ये जे आहे ते गुजरातचं तेल आहे, डब्यातून आणलेलं. जा, कामाला लागा."

एवढंच. कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही. सोसायटीचा माणूस म्हणाला, "मग आधी सांगायचं ना." आणि सगळे निघाले. जाताना सरपंच बाईंनी बाबांना आपल्या घरच्या पूजेचं आमंत्रण दिलं. बाबांनी ओटीवरून खाली उतरून ते घेतलं.

सर दारात उभे राहून ऐकत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा ते पाहुण्यांशी बोलले. "हे तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले.

"नाही माहीत," पाहुणे म्हणाले. "पण या लोकांना झोप यायला पाहिजे, साहेब."

"असंच केलंत तुम्ही तेव्हाही."

"हो. असंच केलं."

मी दोघांच्या मध्ये उभी होते. आमच्या घरावरचं संकट या माणसाच्या एका वाक्याने टळलं होतं, आणि त्याच सवयीने शेजारी उभ्या असलेल्या माणसाची इतकी वर्षं खाल्ली होती. कोणाच्या बाजूने व्हावं ते मला तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर आजही मी वर्गात मुलांना एखादं उत्तर ठामपणे सांगते आणि मग घरी येईपर्यंत ते डोक्यात घोळत राहतं.

बाबांनी घर सोडण्याचा विषय पुन्हा काढला नाही. सर २०१९पर्यंत राहिले आणि मग बहिणीकडे नाशिकला गेले. पाहुणे त्यानंतर दोनदा येऊन गेले. सरांनी त्यांना माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी फक्त त्या पहिल्या भेटीतली पाचव्या दिवशीची दुपार पाहिली आहे, ती सांगते.

उजव्या नळीचे बारा टप्पे झाले होते. नळी तुंबली नव्हती. शेवटी सरांनी गोड्या पाण्यात पावडर विरघळवून ते दाट पाणी सोडलं. वाळूत खालून एक काळसर कडं तयार झालं आणि अगदी सावकाश वर चढायला लागलं. वरच्या तोंडाशी मोजपात्र लावलेलं होतं. आधी पाणी येत होतं, मग पाण्याबरोबर एक काळा थेंब आला, मग आणखी काही. पाहुणे बोटांवर मोजत होते.

"आलं की, सर," मी म्हटलं. "गोड्या पाण्यामुळे की पावडरीमुळे?"

"दोन्हींमुळे असेल. मातीमुळेही असेल. एका नळीवरून काय सांगणार?"

"पण आलं ना साहेब," पाहुणे म्हणाले.

सर आलेखाच्या कागदावर बारीक अक्षरात लिहीत होते. किती पाणी, किती मीठ, किती तेल. लिहून झाल्यावर त्यांनी कागद फिरवून पाहुण्यांसमोर सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"बघणारा म्हणून खाली सही करा," ते म्हणाले. "आणि वेळ तुम्ही लिहा. घड्याळात बघून."

पाहुण्यांनी पेन घेतलं. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, चष्मा सारखा केला, खाली सही केली आणि लिहिलं, तीन वाजून सतरा मिनिटं. पाहुण्यांनी मनगट पुन्हा वर केलं, जरा थांबले, सतरा खोडून अठरा केलं आणि खोडलेल्या जागेशेजारी, खोडल्याची म्हणून, एक वेगळी सही केली.